कारणे दाखवा नोटीस आली, आता पुढे काय? विद्यापीठातली शिस्तभंगाची कारवाई सोप्या भाषेत

प्रवेशाच्या गडबडीत विद्यार्थी दहा ठिकाणी सह्या करतो. त्यातल्या एका कागदावर ‘महाविद्यालयाचे व विद्यापीठाचे शिस्तीचे नियम मला मान्य आहेत’ असं छापलेलं असतं. ते नियम तेव्हा कुणी उघडून बघत नाही. बघायची वेळ येते ती परीक्षा विभागाचा लिफाफा घरी आल्यावर, आणि तोवर पहिल्याच दिवशी भरलेल्या कागदांनी प्रकरणाला दिशा दिलेली असते. चूक लहान आणि शिक्षा मोठी असं जे होतं, ते अनेकदा या कागदांपायीच: न वाचता केलेली सही, मुदतीत न दिलेलं उत्तर, कुणीतरी सांगितलं म्हणून लिहून दिलेला सरसकट माफीनामा. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत ही कारवाई कशी चालते, कुठे बिघडते आणि विद्यार्थ्याच्या हातात नेमकं काय असतं, ते इथे सांगतो आहोत.

चौकशी समिती म्हणजे कोर्ट नव्हे, हे आधी पक्कं लक्षात घ्यायला हवं. फौजदारी खटल्यात आरोप निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. समितीला मात्र ‘असं घडलं असण्याचीच शक्यता जास्त’ इतकं पटलं तरी पुरतं. १९९०च्या दहावीच्या परीक्षेत गुणांच्या कागदांवर खाडाखोड झाल्याचं उघड झालं आणि राज्य मंडळाने २८३ विद्यार्थ्यांचे निकाल रद्द केले. खाडाखोड नेमक्या कोणत्या हाताने झाली, याचा थेट पुरावा नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९१ साली न्यायालयाने मंडळाची कारवाई कायम ठेवली आणि शिक्षणसंस्थेच्या चौकशीला शक्यतेचा हाच निकष लागतो, हे स्पष्ट केलं. ‘मला कुणी कॉपी करताना पाहिलंच नाही’ एवढ्यावर विसंबून गप्प बसणं म्हणून महागात पडतं.

कोणतं प्रकरण कुणाकडे जातं

परीक्षेतला गैरप्रकार विद्यापीठाच्या परीक्षा व मूल्यमापन मंडळाने नेमलेल्या समितीकडे जातो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६च्या कलम ४८मध्ये तिची तरतूद आहे. परीक्षा महाविद्यालयाने घेतलेली असेल, तर प्राचार्य आपल्या पातळीवर समिती नेमतात. रॅगिंगसाठी रॅगिंगविरोधी समिती आणि पथक असतं. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत तक्रार समितीकडे जाते. पीएचडीच्या प्रबंधातल्या उचलेगिरीसाठी विभागाची आणि संस्थेची अशी दोन वेगळी पॅनेलं आहेत. मारामारी, तोडफोड, हॉस्टेलचे नियम मोडणं, खोटी कागदपत्रं देणं, हे सगळं प्राचार्य किंवा कुलगुरूंच्या शिस्तविषयक अधिकारात येतं.

ही वाटणी कागदोपत्री वाटते, पण तिच्यावर बरंच अवलंबून असतं. लैंगिक छळाची तक्रार नेहमीच्या शिस्तपालन समितीने ‘आपसात’ हाताळली, की मुदती चुकतात, समितीची रचना नियमाबाहेर जाते आणि पुढे सगळा आदेश कोसळू शकतो. मग तक्रार करणारीला न्याय मिळत नाही आणि ज्याच्यावर आरोप आहे तोही लटकत राहतो. नोटीस आली की वर कोणत्या समितीचं नाव आहे आणि कोणत्या नियमाखाली ती काढली आहे, हे आधी वाचा. दोन्ही लिहिलेलं नसेल, तर लेखी पत्र देऊन विचारा.

कॉपी केस: पहिली वीस मिनिटं

सर्वाधिक गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

ब्लॉकमध्ये, म्हणजे परीक्षेच्या खोलीत, ज्युनिअर सुपरवायझरला चिठ्ठी दिसली, तर तो ती आणि उत्तरपत्रिका ताब्यात घेतो आणि सीनिअर सुपरवायझरला बोलावतो. चिठ्ठीच्या प्रत्येक कागदावर तारीख, वेळ, आसन क्रमांक आणि सह्या व्हायला हव्यात. तोपर्यंत लिहून झालेल्या मजकुराखाली खूण करायची असते, म्हणजे जप्तीआधीचं आणि नंतरचं लेखन वेगळं ओळखता येतं. त्यानंतर विद्यार्थ्याचा जबाब आणि हमीपत्र घेतात आणि त्याला नवी उत्तरपत्रिका देऊन उरलेला पेपर लिहू देतात. हमीपत्राचा साधारण आशय असा असतो: चौकशीचा जो निर्णय होईल तो मला मान्य राहील या अटीवर मी पुढे लिहीत आहे. विद्यार्थ्याने सही नाकारली, तर ‘सही नाकारली’ अशी नोंद साक्षीदारांसमोर होते.

या वीस मिनिटांत मुलांची मती गुंग होते, ते साहजिक आहे. कुणीतरी म्हणतं, ‘लिहून दे चूक झाली म्हणून, सोडून देतील.’ मुलगी लिहून देते. महिनाभराने समितीसमोर ती सांगते की कागद माझा नव्हताच, तेव्हा समोर तिच्याच अक्षरातला कबुलीजबाब असतो. म्हणून जबाबात फक्त जे घडलं तेच लिहावं: ‘सकाळी ११.४०ला माझ्या बाकाच्या कप्प्यात एक कागद सापडला. तो माझ्या अक्षरात नाही. मी त्यातून काही लिहिलेलं नाही.’ किंवा खरं तेच असेल तर, ‘कागद माझा आहे, खिशात राहिला होता, त्यातलं काही उतरवलेलं नाही.’ कागद तुमचाच असेल, तर खोटं बोलू नका. अक्षर जुळवून बघायला उत्तरपत्रिका समितीच्या हाताशीच असते.

मोबाइल सापडला, तर तो बंद होता की चालू, स्क्रीनवर काय होतं, कुणाच्या ताब्यातून मिळाला, याची नोंद त्याच वेळी व्हायला हवी. ‘मोबाइल जप्त’ इतक्याच दोन शब्दांवर पुढे कुणीही काहीही अर्थ काढू शकतं, विद्यार्थ्याच्या विरोधातही आणि बाजूनेही.

चिठ्ठी बाळगणं आणि चिठ्ठीतून उतरवणं हे दोन वेगळे प्रकार आहेत. फरक ठरतो तो जुळणीवरून. विषयाचा जाणकार चिठ्ठीतला मजकूर आणि उत्तरपत्रिका शेजारी ठेवून कोणत्या प्रश्नाचं उत्तर कुठे जुळतं, ते नोंदवतो. मुंबई विद्यापीठाच्या अध्यादेश ५०५०मध्ये यावरच शिक्षेच्या पायऱ्या बेतलेल्या आहेत. साहित्य नुसतं जवळ बाळगलं, तर त्या परीक्षेतली संपूर्ण कामगिरी रद्द. उतरवल्याचं दिसलं, तर शिवाय आणखी एका परीक्षेला बंदी. दुसऱ्याची उत्तरपत्रिका जवळ सापडणं, सामूहिक कॉपी, उत्तरपत्रिका बाहेर नेणं किंवा बाहेरून लिहून आणणं, उत्तरपत्रिकेला पैशांच्या नोटा लावून परीक्षकाला आमिष दाखवणं, सुपरवायझरची खोटी सही, अशा पायऱ्या चढत जातात. दुसऱ्याच्या नावावर पेपरला बसणं हा सर्वांत गंभीर प्रकार, त्याला पाच जादा परीक्षांची बंदी आहे आणि ती दोघांनाही लागते. इतर विद्यापीठांचे अध्यादेश वेगळे असतात, पण चौकट बरीचशी अशीच. आपल्या विद्यापीठाचा अध्यादेश संकेतस्थळावर शोधा, नाही मिळाला तर परीक्षा विभागात मागा.

‘संपूर्ण कामगिरी रद्द’ या शब्दांकडे नीट बघा. ज्या पेपरला पकडलं तेवढाच पेपर जाईल, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात त्या सत्रातले प्रामाणिकपणे दिलेले बाकीचे पेपरही जातात. सहा पेपरांतल्या पाचव्याला चिठ्ठी सापडली, तर आधीचे चार चांगले गेलेले पेपरही हातचे गेले. त्यावर एका जादा परीक्षेची बंदी आली, की सत्र पद्धतीत आणखी सहा महिने जातात. कॅम्पस प्लेसमेंट किंवा पुढचा प्रवेश याच काळात असेल, तर नुकसान वर्षाच्या घरात पोहोचतं.

पेपरफुटीच्या बातम्यांमुळे २०२४चा केंद्राचा कायदा या मुलांना लागतो आणि तुरुंगवास होतो, अशी एक भीती पसरलेली दिसते. तो कायदा यूपीएससी, कर्मचारी निवड आयोग, रेल्वे, एनटीए (राष्ट्रीय परीक्षा संस्था) अशा ठरावीक परीक्षांसाठी आहे आणि टोळ्या व संस्थांवर रोखलेला आहे. विद्यापीठांच्या परीक्षांसाठी महाराष्ट्राचा स्वतःचा गैरप्रकार प्रतिबंधक कायदा आहे, १९८२चा.

सुनावणीचा हक्क कुठवर

विद्यार्थ्याला न ऐकता शिक्षा करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ सालीच उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाच्या प्रकरणात हे ठरवून दिलं: निकाल रद्द करणारी समिती मुलाच्या आयुष्यावर परिणाम करणारा निर्णय घेते, तेव्हा त्याला बाजू मांडू द्यायलाच हवी. याचा व्यवहारातला अर्थ म्हणजे नोटिशीत आरोप नेमका असावा, पुराव्याचा आशय कळावा, उत्तराला पुरेसे दिवस मिळावेत आणि आदेशात कारणं असावीत. ‘आपण गैरप्रकार केल्याचे निदर्शनास आले आहे’ एवढंच लिहिलेली नोटीस अपुरी आहे. तारीख, विषय, ब्लॉक आणि काय सापडलं, हे तिच्यात हवं.

हक्काला मर्यादाही आहेत. बिहारच्या एका केंद्रावर सामूहिक कॉपी झाली, तेव्हा संपूर्ण केंद्राची परीक्षा रद्द करताना प्रत्येकाला वेगळं ऐकण्याची गरज नाही, असं न्यायालयाने १९७० साली म्हटलं, कारण तिथे कुणा एकावर आरोपच नव्हता. रांचीच्या वैद्यकीय महाविद्यालयातली मुलं रात्री मुलींच्या हॉस्टेलच्या आवारात शिरली होती. त्या प्रकरणी १९७३ साली न्यायालय म्हणालं की मुलींची नावं उघड करण्याची किंवा त्यांची उलटतपासणी घेऊ देण्याची सक्ती नाही. तक्रार करणाऱ्या मुलींना उद्या त्याच आवारात वावरायचं होतं, हे न्यायालयाने ओळखलं. मात्र त्या मुलांना आरोप सांगितला गेला होता आणि त्यांचं म्हणणंही घेतलं गेलं होतं. तेवढं टाळता येत नाही.

वकील सहसा आत घेऊ देत नाहीत. पालकांना सोबत आणायचं असेल, तर आधी लेखी परवानगी मागा.

उत्तर कसं लिहावं

एक ते दीड पान पुरतं. वर नोटिशीचा जावक क्रमांक आणि तारीख. मग आरोपाच्या प्रत्येक मुद्द्याला क्रमाने उत्तर: हे खरं, हे अर्धवट खरं, हे खरं नाही. ‘सर्व आरोप नाकारतो’ असं ठोकून लिहिलं, की त्यातल्या कबूल करण्याजोग्या चार गोष्टीही खोट्या ठरतात आणि बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचा विश्वास उडतो. काय मागायचं ते स्पष्ट मागा: जप्त कागदाची प्रत, जुळणीचा अहवाल, सुपरवायझरचा अहवाल. आजारपणाचा किंवा घरच्या अडचणीचा मुद्दा असेल, तर कागद जोडा. गुन्हा मान्य असेल आणि शिक्षा कमी व्हावी एवढंच म्हणायचं असेल, तर तसंच सरळ लिहा, आणि पहिलीच वेळ असल्याचं सांगा.

उत्तर आवक-जावक टेबलावर द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घ्या. शिपायाच्या किंवा ओळखीच्या क्लार्कच्या हाती दिलेलं उत्तर फाइलला लागलंच नाही, म्हणून ‘विद्यार्थ्याने खुलासा सादर केला नाही’ अशी नोंद होऊन एकतर्फी निर्णय होऊ शकतो. शिक्का असलेली प्रत असेल, तर हाच मुद्दा अपिलात सगळ्यात बळकट ठरतो. मुदत कमी पडत असेल, तर ती संपायच्या आत वाढवून मागा. कागद मिळत नसतील, तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली मान्य केलेला आहे.

रॅगिंग: इथे घड्याळ वेगळं चालतं

यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २००९चे विनियम आणि महाराष्ट्राचा १९९९चा रॅगिंग प्रतिबंध कायदा एकाच वेळी लागू असतात. राज्याच्या कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला काढून टाकलं, की पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची असते. तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य दिसलं, तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची असते. यूजीसीच्या विनियमांनुसार फौजदारी गुन्हा दिसत असेल, तर २४ तासांत एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. प्रमुखाने कानाडोळा केला, तर राज्याचा कायदा त्यालाच रॅगिंगला साथ देणारा मानतो.

म्हणून दोन्ही बाजूंच्या पालकांना बोलावून, माफीनामा घेऊन ‘मुलांचं भांडण’ मिटवणं हा सर्वांत घातक शॉर्टकट आहे. ज्या मुलाने धीर करून तोंड उघडलं, त्याला त्या रात्री परत त्याच मजल्यावर झोपायला पाठवलं जातं. आधी खोली बदला, मग कागद करा.

रॅगिंगची व्याख्याही आता बरीच व्यापक आहे. २०१६च्या दुरुस्तीनंतर जात, धर्म, रंग, भाषा, प्रदेश, दिसणं, लैंगिक कल, आर्थिक स्थिती यांवरून केलेली शारीरिक किंवा मानसिक छळवणूक, वाळीत टाकणंसुद्धा, रॅगिंगमध्ये मोडतं. शिक्षा वर्गबंदी आणि शिष्यवृत्ती थांबवण्यापासून हॉस्टेलमधून काढणं, एक ते चार सत्रांसाठी रस्टिकेट करणं (तात्पुरतं काढणं) आणि कायमचं काढून टाकणं इथपर्यंत जातात. कुणी केलं ते सापडलं नाही, तर सामूहिक शिक्षेची तरतूद आहे. विंगमध्ये नुसतं उभं राहून बघणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

तक्रार लिहिताना ‘सिनिअर्सनी त्रास दिला’ असं मोघम लिहू नका. तारीख, वेळ, खोली क्रमांक, कोण होतं, काय करायला लावलं, तोंडून निघालेले शब्द जसेच्या तसे. ग्रुपमधले संदेश असतील, तर नंबर आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढा. राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ चोवीस तास चालू असते. आरोप असलेल्या विद्यार्थ्यालाही पथकाने पुरेशी संधी द्यायची असते, हेही त्याच विनियमांत आहे.

प्रबंधातले टक्के

यूजीसीच्या २०१८च्या विनियमांत साधर्म्याचे, म्हणजे दुसऱ्याच्या लिखाणाशी जुळणाऱ्या मजकुराचे, चार स्तर आहेत. १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल, तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. ४० ते ६० टक्के असेल, तर वर्षभर सुधारित प्रबंध सादर करता येत नाही. ६०च्या वर गेलं, तर नोंदणी रद्द. उचलेगिरी पदवी मिळाल्यावर सिद्ध झाली, तर पदवी काही काळ स्थगित होऊ शकते.

सॉफ्टवेअरचा आकडा म्हणजे उचलेगिरीचा आकडा नव्हे. नीट श्रेय देऊन दिलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायद्यांचा मजकूर, समीकरणं, शिवाय सर्वज्ञात किंवा योगायोगाने जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडे वगळून मोजायचं असतं. अहवालात २२ टक्के दिसले, तरी नियमानुसार गाळणी लावल्यावर आकडा ८वर येऊ शकतो, म्हणून कोणत्या सेटिंगवर अहवाल काढला, ते विचारा. हे विनियम प्रबंध आणि शोधनिबंधांसाठी आहेत. वर्गातले असाइनमेंट आणि उत्तरपत्रिका त्यांच्या कक्षेबाहेर आहेत, त्यांना विद्यापीठाचे आपले नियम लागतात.

लैंगिक छळाच्या तक्रारीतल्या मुदती

घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने. सात दिवसांत तक्रारीची प्रत समोरच्याला, त्याचं उत्तर दहा दिवसांत, चौकशी ९० दिवसांत पूर्ण, त्यावर कारवाई ३० दिवसांत आणि अपील ३० दिवसांत. विद्यार्थी गुंतलेले असतील, तर समितीवर तीन विद्यार्थी प्रतिनिधी हवेत.

निलंबन आणि अपील

चौकशीपुरतं निलंबन ही शिक्षा नसते, पण ते लांबलं तर शिक्षेसारखंच बोचतं. ७५ टक्के हजेरीचा नियम असतोच, म्हणून निलंबनाचे दिवस हजेरीत कसे धरणार, हे पहिल्याच आठवड्यात लेखी विचारा. प्रात्यक्षिकं आणि अंतर्गत गुणांचंही तसंच.

रॅगिंगच्या प्रकरणात महाविद्यालयाच्या आदेशावर कुलगुरूंकडे आणि विद्यापीठाच्या आदेशावर कुलपतींकडे अपील होतं. निकाल किंवा कागदपत्रं अडवून ठेवली असतील, तर यूजीसीच्या २०२३च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाता येतं. तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि समाधान झालं नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. शेवटी उच्च न्यायालयात रिट याचिका. तिथे न्यायालय पुरावा नव्याने तोलत बसत नाही. नोटीस नीट होती का, ऐकून घेतलं का, कारणं दिली का, शिक्षा अगदीच बेप्रमाण आहे का, एवढंच बघतं. शिक्क्याची प्रत आणि कागदांची लेखी मागणी इथेही कामी येते.

शिक्षा भोगून झाल्यावर दाखले घेताना एक गोष्ट तपासा. रॅगिंगच्या शिक्षेची नोंद दाखल्यांवर येते, आणि मूळ आदेशात नसलेला शेराही चुकून पडू शकतो. टीसी, मायग्रेशन आणि वर्तणुकीचा दाखला खिडकीवरच वाचा, आदेशाशी ताडून बघा. फरक दिसला, तर आदेशाची प्रत जोडून दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी द्या.